जाळ्याचा वाटा

लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या राजमहंमद आत्तारच्या दुकानातून माणूस रिकाम्या हातानं परत जात नसे. लोक हे कौतुकानं सांगत, आणि राजमहंमद लोकांपेक्षा जास्त कौतुकानं सांगे. बापाच्या वेळेस दुकानात हिरडा, बेहडा, गुलकंद आणि अत्तरं एवढाच माल होता. राजमहंमदनं त्यात काचेचं कपाट आणून पुण्याची इंग्रजी औषधं मांडली. अत्तरांच्या शेजारी राहून राहून त्या औषधांना वास लागला. खोकल्याच्या औषधाला हिना, पोटाच्या औषधाला मोगरा, असं होऊ लागलं. गिऱ्हाईक तक्रार करत नसे. मरायचंच असेल तर सुगंधी मरू, अशी एकंदर भावना होती.

मग लढाई लागली आणि सल्फाच्या गोळ्यांचं नाव कानावर आलं. न्यूमोनिया, विषारी फोड, चिघळलेली जखम, सगळ्यावर चालते म्हणे. बहुतेक माल लष्कराकडं जाई. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसून बसून राजमहंमदच्या हाती कधीमधी एखादी बाटली लागे. गोळी पांढरी, चपटी, मधोमध रेघ असलेली. ती रेघ पाहिल्यावर, करणाऱ्याचा हेतू काय आहे हे राजमहंमदला कुणी सांगावं लागलं नाही. त्यानं सुपारीचा अडकित्ता काढला.

अडकित्त्यानं गोळीचे दोन तुकडे होत. हात सावध असेल तर चार. तापाला अर्धी, घशाला पाव, आणि खाली जो चुरा उरे तो गळवावर लावायला पुडीत बांधून. माल थोडा, माणसं फार. सगळ्यांना थोडंथोडं मिळालं तर कुणाची हाय लागत नाही, असं त्याचं शास्त्र. डॉक्टरची चिठ्ठी तो मागत नसे. रेल्वेच्या एका गँगमननं मागं डॉक्टरची चिठ्ठी ताविजासारखी पाण्यात भिजवून ते पाणी घेतलं होतं आणि तो खडखडीत बरा होऊन कामावर गेला होता. चिठ्ठीचा याहून जास्त उपयोग राजमहंमदच्या पाहण्यात नव्हता.

दवाखाना समोरच होता. तिथले डॉक्टर संध्याकाळी पान खायला म्हणून ओट्यावर येत आणि भांडण उकरून काढत. त्यांचं म्हणणं असं, की ही गोळी पुऱ्या मात्रेत पोटात गेली तरच रोगाला मारते.

“आत्तार, अर्ध्या गोळीनं रोग मरत नाही. शिकतो.”

“डॉक्टरसाहेब, आपल्या गावात शाळेत जाऊन कोण शिकलंय?”

डॉक्टर हसत नसत. हसणं त्यांच्या परीक्षेला नव्हतं, असं राजमहंमदचं मत होतं.

एक गोष्ट मात्र तो ओट्यावर कधी बोलला नाही. सल्फाचं नावही नव्हतं त्या काळात त्याच्या धाकट्या मुलीची, नजमाची, छाती भरली होती. दुकानातली एकूणएक बरणी उघडून झाली. पोरगी गेली तेव्हा तिच्या कपाळाला गुलाबपाणी होतं, छातीला कापूर होता, तळव्यांना मोहरीचं तेल होतं, आणि खोलीला लग्नघरासारखा वास येत होता. तेव्हापासून माणूस दुकानातून रिकामा निघाला की राजमहंमदचा हात आपोआप एखाद्या बरणीत जाई.

मार्गशीर्षात बारकू आला. हा आंदर मावळातल्या कारवीच्या वाडीचा. डोंगरात मध काढायचा, हिरडा गोळा करायचा आणि कामशेतला गाडी धरून दरसाल आत्तारच्या दुकानी आणून घालायचा. त्याच्या बापानं राजमहंमदच्या बापाला घातला होता तसाच. एरवी तो आधी ओट्यावर टेकायचा, तंबाखू मळायचा आणि साऱ्या वाडीची खुशाली सांगायचा, कुत्र्यांसकट. या वेळी मधाचं मडकं खाली ठेवून तो उभाच राहिला.

“भाऊ, आमची चिंगी पडलीया. छाती भरलीया. बरगड्या आत वढत्यात.”

राजमहंमदनं त्याला समोर डॉक्टरांकडं धाडलं. डॉक्टर म्हणाले, पोरीला घेऊन ये, तपासल्याशिवाय मला काही देता येत नाही. ते खरंच होतं. पोरगी डोंगरात, डॉक्टर लोणावळ्यात, मधे थंडी. बारकू परत येऊन पुन्हा त्याच जागी, तेच तोंड घेऊन उभा राहिला.

त्याच आठवड्यात एक बाटली हाती लागली होती. राजमहंमदनं ती काढून फळीवर ठेवली. शेजारी अडकित्ता होता, त्याला त्यानं हात लावला नाही. सबंध बाटली त्यानं बारकूपुढं सरकवली. गोळी कुटून मधात कशी कालवायची, पोरीच्या मानानं किती, दिवसा किती आणि रात्री उठवून किती, वर पाणी किती पाजायचं, सगळं सांगितलं. ताप उतरला तरी थांबायचं नाही, हे तर दोनदोनदा सांगितलं. मग बारकूकडून सगळं म्हणवून घेतलं. बारकूनं एक शब्द न चुकता म्हणून दाखवलं.

“आणि ही सगळी चिंगीची. तिच्या एकटीची.”

“व्हय,” बारकू म्हणाला.

तो गेल्यावर हुस्नबानो आतून बाहेर आली. नवऱ्यानं आख्खी बाटली न फोडता, न तोडता दिल्याचं तिनं पडद्याआडून पाहिलं होतं.

“अडकित्ता हरवला का?” तिनं विचारलं.

त्यानंतरचे दिवस राजमहंमदचे वाईट गेले आणि त्याला फार बरं वाटलं. पार्सल ऑफिसातला हौशीराम घशासाठी पाव गोळी मागायला आला, त्याला नाही म्हणावं लागलं. हौशीरामचा घसा बारा महिने धरलेला असे. पण पावच्या जागी नन्ना मिळाल्यावर तो अचानक मोकळा झाला आणि आत्तार फिरला, आत्तार शेफारला, अशी बातमी त्यानं स्टेशनापासून गवळीवाड्यापर्यंत खणखणीत आवाजात पोचवली. राजमहंमद ते ऐकून घेई. मनात तो कारवीच्या वाडीतल्या अंगणात बसलेला असे, आणि कधी न पाहिलेली चिंगी त्याच्यासमोर भाकरी खात असे.

मग बारकू पुन्हा आला. या खेपेला मडकं नव्हतं.

तो सांगू लागला. औषध लागू पडलं होतं. ताप उतरला, पोरीनं पेज मागितली, अंगणात जाऊन चिंचोके खेळली. आणि परवापासून ताप पुन्हा चढला होता, आधीपेक्षा वाईट. आणखी थोड्या गोळ्या हव्या होत्या.

“बाटलीतल्या कुठं गेल्या?” राजमहंमदनं विचारलं.

बारकूनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं. कारवीच्या वाडीची रीत अशी, की रानातून शिकार आली तर ती एका चुलीवर शिजत नाही. प्रत्येक घराला वाटा जातो. वाटेनं चाललेला अनोळखी माणूस त्या वेळी वाडीत असला तर त्यालाही जातो. एकट्यानं खाल्लं की पुढच्या खेपेला रान काही देत नाही. पोरगी मरणाच्या दारातून मागं आली तेव्हा वाडीत निम्मी माणसं खोकत होती. असली वस्तू बारकूनं एकट्याच्या घरात दाबून ठेवली असती, तर त्यानं पाणवठ्यावर तोंड कसं दाखवलं असतं? वाडीचा जाणता कान्हूआबा, त्यानं घरं गोळा केली आणि वाटे घातले. शिकार मारणाऱ्याला दुप्पट मिळतं, म्हणून चिंगीला दुप्पट दिलं. मग घरटी एकेक. मग वाघोबाचा. मग कुत्र्यांचा.

“कुत्र्यांना?”

“शिकारीत कुत्रं आसतंय, तर त्याचा वाटा आसतोय भाऊ. आन ज्याचं जाळं त्येचा—”

राजमहंमदनं हात वर करून त्याला थांबवलं. पुढचं ऐकायची ताकद नव्हती. रागावण्यासाठी त्यानं तोंड उघडलं. नजर फळीवर गेली. तिथं अडकित्ता पडला होता, आणि त्याच्या बिजागरीत पांढरी पूड साचली होती. माल थोडा, माणसं फार. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, असं त्याला वाटलं. त्यानं तोंड मिटलं.

तो उठून समोर डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांकडं सल्फाची एकही गोळी नव्हती. पुण्याला तार करतो म्हणाले, पण माल येईल तेव्हा येईल. पोरीला कसंही करून खाली आणा, ससूनला नेऊ. एवढंच बोलले. शाळेचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर राजमहंमदला जरा बरं वाटलं असतं.

रस्ता ओलांडून परत येईपर्यंत त्यानं एक विचार केला. गोळ्या पुण्याहून लगेच येणार नव्हत्या, लोणावळ्यात नव्हत्या. पण कारवीच्या वाडीत होत्या. तुकड्यातुकड्यांनी का होईना, होत्या. सगळ्यांनी सगळं खाल्लं असेल असं थोडंच आहे? विचार वेडगळ होता, पण शहाणा विचार शिल्लक नव्हता. दुकान हुस्नबानोवर सोपवून तो बारकूबरोबर गाडीत बसला.

कामशेतपासून पुढं चाल. भातं निघालेली, खाचरांत नुसती बुडखं राहिलेली. राजमहंमदच्या पायात बाजारात मिरवायचे पंपशू होते. ते चढावर घसरत होते, म्हणून त्यानं ते हातात घेतले, आणि औषध गोळा करायला निघालेला वैद्य असा अनवाणी, हातात जोडे घेऊन, आंदर मावळात शिरला.

चिंगी चुलीजवळ घोंगडीत होती. पिशवीत कोंडलेल्या मांजरासारखा तिचा श्वास चालला होता. आई भागूबाई पदरानं वारा घालत होती, थंडीत. राजमहंमदनं तो श्वास इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळख पटायला वेळ लागला नाही.

कान्हूआबा स्वतः त्याला दारोदार घेऊन फिरला. आपला वाटा परत द्यायला कुणी का-कू केली नाही. तेच अवघड होतं. भांडले असते तर भांडता आलं असतं. म्हातारी रतनबाई म्हणाली, मी माझी खाल्ली रं बाबा, गुडघ्यासाठी. गुडघा राहिला का, असं राजमहंमदनं सवयीनं विचारलं. न्हाई, पर झोप चांगली लागली, म्हातारी म्हणाली. गेणूनं फेट्याच्या शेवात बांधून ठेवली होती, पुढंमागं दुखलं-खुपलं तर असावी म्हणून; ती तंबाखूच्या रंगाची होऊन निघाली. एका घरात दोन भाऊ नुकतेच वेगळे निघाले होते, त्यांनी गोळीचीही वाटणी केली होती. थोरल्यानं आपली अर्धी गिळली होती आणि धाकट्याची अर्धी हळदीच्या डब्यातून आली. मारुती नावाच्या गड्यानं म्हशीच्या सुजलेल्या सडाला चोळली होती. म्हैस दाखवायला त्यानं गोठ्यात नेलं. म्हशीला फरक नव्हता.

कुत्रं उन्हात पडलं होतं. त्यानं आपला वाटा भाकरीतून खाल्ला होता. राजमहंमद जवळ आला तशी त्यानं शेपूट हलवली. तकतकीत होतं.

शेवटी वाघोबा. वाडीबाहेर कारवीत शेंदूर लावलेला दगड, त्याच्यापुढं पानावर सबंध गोळी, तिच्यावरही शेंदूर. देवाचा वाटा उचलायचा तर देवाला विचारायला हवं, म्हणून कान्हूआबानं दगडाला दोन्ही अंगांनी तांदळाचे दाणे चिकटवले. उजवा पडला तर घ्या, डावा पडला तर नको. सगळे वाट पाहत उभे राहिले. राजमहंमद दोन्ही हात पुढं बांधून, नमाजाला उभं राहतात तसा. त्याला दुसरं उभं राहणं माहीत नव्हतं.

डावा दाणा पडला.

“आबा,” राजमहंमद म्हणाला, “वाघोबाला खोकला आहे का?”

कुणी हसलं नाही. कान्हूआबानं थोडा विचार केला आणि पुन्हा दाणे लावले. या वेळी उजवा पडला. देवाचंही माणसासारखंच असतं, एकदम हो म्हणवत नाही, आबा म्हणाला.

सगळं मिळून तळहाताच्या खळग्यात मावलं. पांढरं म्हणून दिलेलं औषध आता तपकिरी, पिवळं आणि शेंदरी झालं होतं. राजमहंमदनं ते डोळ्यांनीच तोललं. एका दिवसालाही पुरलं नसतं.

“आबा, आणखी कुठं काही?”

कान्हूआबानं बारकूकडं पाहिलं. बारकूनं जमिनीकडं. आबानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“वाडीच्या वाट्याचं समदं आलं, भाऊ,” तो म्हणाला.

वाघोबाची सबंध गोळी राजमहंमदनं आधी घेतली. शेंदूर पुसला, बारकूच्या कोयतीच्या पाठीनं ती फोडली आणि तुकडे चिंगीच्या हातावर ठेवले. कुटून मध आणेपर्यंत दम नव्हता. पोरीनं एक तुकडा तोंडात घातला. कडू लागला असणार, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. दुसरा तिनं त्याच्यापुढं धरला.

“ह्यो पावण्याचा.”

मला काही झालं नाही, तू खा, असं त्यानं सांगून पाहिलं. बारकूनं सांगितलं, भागूबाईनं रडून सांगितलं. चिंगीनं ओठ मिटून घेतले. घरात पाहुणा आहे आणि त्याच्या हातावर काही नाही, अशा स्थितीत ती पुढचा घास घेणार नव्हती. शेवटी राजमहंमदनं तुकडा घेऊन तोंडात टाकला. तेव्हा ती पाणी प्यायली.

त्यानं तो गालात धरून ठेवला. गिळायचा नाही, विरघळू द्यायचा नाही. जीभ आखडून, तोंड न हलवता तो भागूबाईला मानेनंच हो-नाही करत बसला. पोरीचे डोळे मिटल्यावर तो घरामागं गेला आणि त्यानं तळहातावर थुंकून पाहिलं. निम्माअधिक विरघळला होता. उरलेला त्यानं मधात कालवला आणि भागूबाईकडून पोरीच्या ओठांना लावला. औषध देण्याची ही पद्धत कुठल्याही पुस्तकात नसेल, हे त्याला ठाऊक होतं.

गोळा केलेलं बाकीचं रात्रीत मधातून पोरीला दिलं. सकाळी ताप जरा हटल्यासारखा वाटला, म्हणून डोली बांधली. माणसं भरभर चालत होती. नदीच्या उतारावर खांदेपालट झाला, तेव्हा भागूबाईनं घोंगडीत हात घातला आणि म्हणाली, ठिवा खाली.

तिथून स्टेशन जवळ होतं आणि वाडी लांब. राजमहंमद वाडीकडं वळला. लहान पोराला हिंदूंत काय, मुसलमानांत काय, मातीच देतात, त्यामुळं काय करायचं ते त्याला माहीत होतं.

त्यानंतर दुकानात सल्फा आल्या तरी तो चिठ्ठी मागू लागला. चिठ्ठी आणली तर मात्रा पुरी, नाहीतर काही नाही. लोक रिकाम्या हातानं परत जात. डॉक्टर पानाला येत, पण भांडत नसत. दोघंही बसून रस्त्याकडं पाहत.

होळीच्या सुमारास बारकू मध घेऊन आला. मडकं ठेवलं, ओट्यावर टेकला, तंबाखू मळली. सगळ्या वाडीची खुशाली सांगितली. कुत्रं बरं होतं. मग त्यानं कमरेची चंची सोडून पळसाच्या पानाची पुडी काढली आणि फळीवर ठेवली.

“तुमचा वाटा, भाऊ.”

राजमहंमदनं दोरा सोडला. आत गोळ्या होत्या. पांढऱ्या, चपट्या, सबंध, मधल्या रेघेला धक्का न लागलेल्या. त्या दिवशी दारोदार फिरून गोळा केल्या होत्या, त्यांच्या कितीतरी पट.

“ह्या कुठल्या?”

“ज्याचं जाळं त्येचा वाटा पैला काढत्यात. सगळ्यात मोटा आसतोय त्यो. औषध तुमचं, म्हंजी जाळं तुमचं. जाळं न्हाई तर शिकार कुटली? आबाच्या कणगीवर ठिवला व्हता. तवा आनायचा व्हता, पर मागाया येताना वाटा घिऊन येत न्हाईत.”

राजमहंमदचा हात फळीवर होता, तो तिथंच राहिला. त्यानं विचारलं, मी घरोघर फिरत होतो, तेव्हा कुणी बोललं का नाही?

बारकू अवघडला. तंबाखू त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“पावण्याला त्येचा वाटा सोड म्हून कसं म्हनायचं, भाऊ? आबाच्या व्हटावर आलतं. तुमी समद्यांचा वाटा मागितला, तुमच्या वाट्याचं नाव काय काडलं न्हाई. आमाला वाटलं, तुमच्या बी घरात कुनी आजारी आसंल.”

बाजारात माणसं येत-जात होती. बारकू उठत नव्हता. जाळ्याच्या धन्यानं वाटा तोंडी लावल्याशिवाय शिकाऱ्यानं त्याच्या दारातून हलायचं नसतं, आणि हे सांगायचंही नसतं. तो नुसता बसून राहिला. राजमहंमदनं एक गोळी उचलली आणि पाण्याशिवाय गिळली. मग बारकू समाधानानं उठला, राम राम म्हणाला आणि गाडी धरायला गेला.

हौशीराम गळ्याला मफलर गुंडाळून मघापासून मागं उभा होता.

“वा आत्तार,” तो म्हणाला, “आम्हाला चिठ्ठी, आणि तुमचं मात्र बिनचिठ्ठीचं?”

राजमहंमदनं पुडी होती तशी बांधली आणि खिशात ठेवली. दुकान बंद करताना ती समोर डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची होती. मग त्यानं अडकित्ता उचलला. हौशीरामचे डोळे चमकले. राजमहंमदनं डब्यातून सुपारी काढली, कातरली आणि त्याच्या हातावर ठेवली.

हौशीरामनं ती तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

“कडू लागतेय हो.”

“मलाही,” राजमहंमद म्हणाला.